लॉरेन्सचा एकुलता एक वैरी

नागपूरच्या महाल भागात वामनभाऊ डेकाट्यांचा चेहरा ओळखणाऱ्यांपेक्षा त्यांची पाठ ओळखणारे लोक जास्त निघतील. संध्याकाळी बबनच्या चहाच्या टपरीवर लॉरेन्सचं नाव निघालं की वामनभाऊ उठतात, आपली प्लास्टिकची खुर्ची उचलतात, तिचं तोंड भिंतीकडे फिरवतात आणि पुन्हा बसतात. घरी जात नाहीत. बाकीचे लोक लॉरेन्सच्या आठवणी काढून गहिवरत असतात आणि वामनभाऊ त्या सगळ्यांकडे पाठ करून भिंतीवरची कोचिंग क्लासची जाहिरात वाचत असतात. जाहिरात जुनी आहे. तिच्यातली गुणवंत मुलं आता बाप झाली असतील.

लॉरेन्स म्हणजे आमच्या नवजवान फुटबॉल क्लबचा एके काळचा सेंटर फॉरवर्ड. रेल्वेतल्या फायरमनचा मुलगा. नागपुरातून कलकत्त्याला गेला, तिथल्या मोठ्या क्लबात खेळला, पेपरात त्याचे फोटो आले. मग गुडघा मोडला आणि फोटोही यायचे थांबले. पण टपरीवर तो अजून पंचविशीच्या आतच आहे. ऊन असो की पाऊस, रोज संध्याकाळी तो कामठीच्या संघाविरुद्धच्या फायनलमध्ये शेवटच्या मिनिटाला गोल मारतो. मी ऐकायला लागलो तेव्हा हा गोल पेनल्टी एरियाच्या जरा बाहेरून मारलेला होता. हळूहळू मागे सरकत तो आता सेंटरच्या पलीकडे गेला आहे. नारायण मास्तरांना आणखी आयुष्य लाभलं तर लॉरेन्स तो गोल सीताबर्डीवरून मारेल.

नारायण मास्तर म्हणजे शाळेतले निवृत्त पी.टी. शिक्षक आणि या आठवणींचे मुख्य पुजारी. गोलाचं वर्णन करताना ते डोळे मिटतात. त्यांचे डोळे मिटले की वामनभाऊंची खुर्ची फिरते.

"काय खेळत होता तो!" मास्तर म्हणतात.

"खाक खेळत होता," भिंतीकडून आवाज येतो.

"वामनभाऊ, तुम्ही स्वतः त्याच्यासोबत टीममध्ये होते ना?"

"होतो. म्हणूनच सांगून राहिलो. पळकुटा होता. खतम करा विषय."

विषय खतम होत नाही, कारण वामनभाऊच तो होऊ देत नाहीत. जगातल्या प्रत्येक वाईट गोष्टीच्या मुळाशी त्यांना लॉरेन्स सापडतो. क्लब बुडाला तो लॉरेन्स गेल्यामुळे. क्लब बुडाला म्हणून मैदान गेलं. मैदान गेलं म्हणून तिथं लग्नाचं लॉन झालं. लॉन झालं म्हणून रात्री डीजे वाजतो, डीजेमुळे वामनभाऊंना झोप येत नाही आणि झोप येत नाही म्हणून त्यांचं पित्त वाढतं. डॉक्टरनं एकदा विचारलं, "तिखट खाता का?" वामनभाऊ म्हणाले, "नाही. लॉरेन्स."

ते हिंगण्याच्या एका कारखान्यात लेथवर होते. सारा जन्म कंपनीच्या बसनं गेले-आले. मुलगी लग्न होऊन रायपूरला गेली. बायको, कुसुमवहिनी, कमी बोलतात, कारण वामनभाऊ बोलू लागले की कमी बोलण्यातच शहाणपण आहे. मी त्यांच्या गल्लीतच राहतो. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून कुठे जायचं असलं की माझ्या स्कूटरवर मागे बसतात आणि सिग्नलला उभं राहिलं की शेजारच्या मोटरसायकलवाल्याला आपणहून सांगतात, "आजकाल फुटबॉल कोनी खेळत नाही. पळून जाते सारे."

गेल्या हिवाळ्यात बातमी आली की लॉरेन्स नागपुरात परत आला आहे. लग्न केलं नव्हतं. म्हातारपणी सांभाळायला कोणी उरलं नाही, म्हणून भाची स्टेला त्याला आपल्या घरी घेऊन आली होती. टपरीवर आनंदाची लाट आली. मास्तर रडले. बबननं सगळ्यांना फुकट चहा पाजला, हीसुद्धा एक ऐतिहासिक घटनाच. लगेच सत्कार समिती झाली. नगरसेवकांनी अध्यक्ष व्हायचं कबूल केलं. सत्कार लॉनवर करायचा ठरलं, कारण ते पूर्वीचं आपलं मैदान, म्हणजे किती भावपूर्ण, असं मास्तर म्हणाले.

लॉरेन्सला भेटायला मात्र कोणी गेलं नाही. "आता सत्कारातच भेटू," असं सगळ्यांचं मत पडलं.

वामनभाऊंना घेऊन येण्याची जबाबदारी माझ्यावर आली. ते येणार नाहीत याची मला खात्री होती. मी घरी गेलो तर हे इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून ओट्यावर तयार.

"मी येऊन नाही राहिलो," ते म्हणाले. "त्यायचा तमाशा पाहाले चाललो. गाडी काढ."

लॉनवर आदल्या दिवशी लग्न झालेलं होतं. मंडप तसाच होता. स्टेजवर झेंडूच्या माळा आणि नवरा-नवरीचा तो लाल मखमलीचा, सोनेरी पायांचा सोफा. सोफ्यावर एका कोपऱ्यात, उन्हाच्या तिरिपेत, एक वाळलेला म्हातारा बसला होता. अंगात मोठ्या मापाचा कोट, हातात काठी. तो लॉरेन्स. नगरसेवक यायचे होते, म्हणून कार्यक्रम सुरू नव्हता. चाहते खाली पोहे खात होते आणि एकमेकांना लॉरेन्सचा गोल सांगत होते. वर लॉरेन्सला पाणी हवं आहे का, हे विचारायला कोणी गेलं नव्हतं. स्टेला बिचारी ओढणीनं त्याच्या डोक्यावर सावली धरून उभी होती.

वामनभाऊ मागच्या रांगेत बसले. आज त्यांनी खुर्ची फिरवली नाही. स्टेजमागच्या फ्लेक्सकडे ते टक लावून बघत होते.

फ्लेक्स मोठा होता. नगरसेवकांचा हात जोडलेला फोटो, त्यांच्या कार्यकर्त्यांचे फोटो आणि मधोमध, जुन्या टीमच्या फोटोतून मोठा करून काढलेला, पट्ट्यांच्या जर्सीतला एक देखणा तरुण. दाट केस, रुंद कपाळ, डाव्या भुवईवर खोकेचा व्रण. खाली अक्षरं: 'फुटबॉलचे जादूगार लॉरेन्स'.

मी फ्लेक्सकडे पाहिलं. मग शेजारी पाहिलं. वामनभाऊंच्या केसांचं काही सांगण्यासारखं उरलेलं नाही. पण डाव्या भुवईवर तोच व्रण होता.

"वामनभाऊ," मी म्हणालो, "हा फोटो तर..."

"चूप बस."

समितीतले लोक येत-जात होते, फ्लेक्सपाशी उभे राहून सेल्फी काढत होते. मास्तरांनी फोटोला हात जोडले. "अगदी तेच डोळे!" ते म्हणाले. इतकी वर्षं ज्याच्या नावानं ते डोळे मिटत होते, त्याचा चेहरा त्यांना आठवत नव्हता.

नगरसेवक आले, दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं असल्यामुळे लगेच बोलले, शाल घातली, निघून गेले. मग मास्तरांनी तो गोल सांगितला. टाळ्या झाल्या. कोणीतरी म्हणालं, आता लॉरेन्स सरांनी दोन शब्द बोलावे. स्टेलानं माइक त्याच्या तोंडाशी धरला. म्हाताऱ्यानं मान वळवून मागच्या फ्लेक्सकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"अरे, हा तर वामन आहे!" तो म्हणाला. "हा वामनचा फोटो. तो गोल यानंच मारला होता. माझ्या पायात गोळा आला होता ना. मी खाली पडलो होतो. वामननं मारला."

मग मास्तर गहिवरून म्हणाले, "पाहा! केवढा मोठा माणूस! श्रेयसुद्धा घेत नाही!" लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"नाही, नाही," म्हातारा कासावीस झाला. "खरंच सांगतो. वामननं..."

टाळ्यांत त्याचं पुढचं ऐकू आलं नाही. मागच्या रांगेत कोणीतरी हळूच म्हणालं, "डोकं ठिकाणावर नाही वाटते." दोघं-तिघं हसले.

तेव्हा वामनभाऊ उठले. आता स्फोट होणार म्हणून मी त्यांचा शर्ट धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि लेथच्या आवाजावर ओरडायची सवय असलेल्या गळ्यानं ते म्हणाले, "गोल लॉरेन्सचाच होता!"

सगळ्या माना मागे वळल्या. लॉरेन्सनं डोळे बारीक केले. "तुम्ही कोण? तुम्ही होते का तिथं?"

"होतो," वामनभाऊ म्हणाले. "पाहाले होतो. तूच मारला. मी माझ्या डोळ्यानं पाहिला. खतम कर विषय."

ज्यानं जन्मभर लॉरेन्सला शिव्या दिल्या त्यानंच साक्ष दिली, म्हटल्यावर शंकेला जागा उरली नाही. मास्तरांनी धावत येऊन वामनभाऊंना मिठी मारली. वामनभाऊंनी ती एखाद्या इंजेक्शनसारखी सहन केली.

परत येताना गल्लीच्या तोंडाशी मी गाडी थांबवली.

"गोल कोणाचा होता?"

"माझा."

"मग इतकी वर्षं सांगितलं काहून नाही?"

"तो गेला त्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. पेपरात त्याचे फोटो येऊन राहिले होते. सारे हासले. म्हणाले, वामन जळते. मग सोडून देल्लं." ते खाली उतरले. "अन् आज सांगून कोनाचं भलं झालं असतं? माह्यापाशी घर आहे, कुसुम आहे. त्याच्यापाशी तेवढा गोल आहे. तो घेऊन मी काय करू गा?"

"पण मग तुमचा राग कशाचा होता?"

यावर ते चपलेच्या टोकानं माती उकरू लागले.

"कलकत्तावाले आले होते फायनल पाहाले," ते म्हणाले. "आमचं दोघायचं ठरलं होतं. जाऊ तर दोघं, नाही तर कोनीच नाही. त्यायनं एकालेच बोलावलं. त्यालेच. ते ठीक आहे, तो माह्यापेक्षा चांगला खेळत होता, हे मले माहीत होतं. पण सकाळी मी त्याच्या घरी गेलो तं त्याची माय म्हणे, गेला ना तो, रातच्या गाडीनं. मले सांगतलंच नाही. मी स्टेशनवर आलो असतो ना बे. पेटी उचलून देली असती त्याची."

पुढच्या रविवारी ते पुन्हा इस्त्रीच्या शर्टात ओट्यावर हजर. "स्टेलाकडे चाल," म्हणाले. रेल्वे लाइनजवळ तिचं दोन खोल्यांचं घर. लॉरेन्स खिडकीशी बसला होता. सत्कारातली शाल त्याच्या गुडघ्यांवर होती. वामनभाऊ समोर बसले. भुवईवरचा व्रण, आवाज, सगळं त्याच्यापासून हातभर अंतरावर होतं. पण फोटोतल्या पोराला क्षणात ओळखणाऱ्या लॉरेन्सला हा म्हातारा काही ओळखू येईना.

"मी तुझा वामन," असं ते म्हणतील म्हणून मी वाट पाहत होतो. ते म्हणाले, "मी वामनकडून आलो."

लॉरेन्सनं त्यांचे दोन्ही हात धरले.

तेव्हापासून दर रविवारी हेच चालू आहे. वामनभाऊ वामनची खबर घेऊन जातात. ती खबर ऐकून मी चाट पडतो. हा वामन लेथवर कधी गेलाच नाही. नागपूर न सोडता इथंच खेळला, मोठमोठे गोल मारले. मैदान विकायला निघालं तेव्हा त्यानं लोक उभे करून ते वाचवलं. सत्कार झाला तो लॉन म्हणजेच ते मैदान, हे लॉरेन्सला कळलेलंच नव्हतं. आता तिथं तो पोरांना शिकवतो. टपरीवर जन्मभर कडू बोललेला माणूस इथं इतकं गोड खोटं कुठून आणतो, कळत नाही. कधी कधी मला वाटतं, हे सगळं ते लॉरेन्सला कमी आणि स्वतःलाच जास्त सांगत असतात.

"तुम्ही तरी येता, काका," स्टेला परवा चहा देताना म्हणाली. "बाकी कोणी फिरकलं नाही. इतके चाहते होते त्या दिवशी."

"बिझी राहतात लोक," वामनभाऊ म्हणाले. टपरीवर सध्या लॉरेन्सचा गोल आणि त्याचा मोठेपणा असे दोन विषय झालेले आहेत, हे त्यांनी तिला सांगितलं नाही.

लॉरेन्स त्या दिवशी जरा अस्वस्थ होता. वामननं शिकवलेला एक पोरगा राज्याच्या टीममध्ये गेल्याची बातमीसुद्धा त्यानं अर्धवट ऐकली. मग एकदम विचारलं, "तो माझ्यावर रागावला आहे का?"

खिडकीबाहेरून एक मालगाडी गेली, तिचा शेवटचा डबा जाईपर्यंत वामनभाऊ थांबले.

"होता," ते म्हणाले. "लय होता. आता नाही."

"मग येत काहून नाही?"

वामनभाऊंनी चहा बशीत ओतला, फुंकर घालून निववला आणि बशी लॉरेन्सच्या ओठांना लावली.