ड्रेसरमामा आणि पडद्यावरचं रगत

"ए लेका, चाकू उपसू नको! आत हाय तवर बूच हाय ते!"

परभणीच्या थेटरात तीनच्या शोला हा आवाज घुमला. पडद्यावर हिरोचा जिवलग मित्र पोटात चाकू घेऊन गुडघ्यावर बसला होता आणि माझ्या शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ त्याला समजावायला अर्धे उभे राहिले होते. हे आमचे ड्रेसरमामा.

नाव नागनाथप्पा. गंगाखेडला त्यांची आणि आमची भिंत एकच. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, घरात अंड्याचं नावसुद्धा निघत नाही. पण तीस वर्षं सरकारी दवाखान्यात ड्रेसर म्हणून काढली. जखमा धुवायच्या, मलम लावायचं, पट्ट्या बांधायच्या. ऊसतोडीत कोयता लागलेली बोटं म्हणू नका, मोटारसायकलवरून पडून सोललेले गुडघे म्हणू नका, निम्मं गाव कधी ना कधी त्यांच्या हातून गुंडाळलं गेलंय. बाजारात कुणी नमस्कार केला तर मामा आधी त्याची जखम आठवतात, मग नाव. "हां, डावी पोटरी! बरं हाय ना आता?"

आता रिटायर, घरात एकटेच. मुलगी सेलूला दिलेली. संध्याकाळी आमच्याकडे टीव्ही बघायला येतात, आणि बघतात ते फक्त मारामारीचे पिक्चर. कौटुंबिक मालिका त्यांना सोसत नाही. "यात कुनाला लागतच न्हाई," म्हणतात. एकदा एक बाई पंधरा मिनिटं उशीत तोंड खुपसून रडत होती. मामांनी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिलं आणि मला विचारलं, "मास्तर, हिला झालंय काय? जखम दिसंना."

पण गोळ्या सुटायला लागल्या की मामा ड्यूटीवर हजर! कुणाला किती टाके पडतील ते जागेवर सांगतात. हिरोला खांद्यात गोळी लागली आणि पुढच्या रिळात तो नाचला, तर मामा दोन दिवस नाराज. सगळ्यात राग हिरोवर. हिरोनं एका गुंडाला काचेतून बाहेर फेकलं की झालं सुरू. "काच फोडायला काय जातंय ह्याचं? बारीक तुकडे आत ऱ्हातेत. चिमट्यानं एकेक काढायला दोन तास. हे जातंय निघून मोटारीत, आन् निस्तरायचं कुनी? ड्रेसरनं!"

माझी बायको रक्त दिसलं की स्वयंपाकघरात जाते. मी पदर नसल्यामुळे वर्तमानपत्र तोंडावर धरतो. मामा मात्र पुढं सरकून बसतात.

तर, परभणीला एक पिक्चर लागला. इतका भयंकर की लहान मुलांना सोडत नाहीत. माझा एक विद्यार्थी पेपर तपासून घेताना सांगून गेला, की त्यात हिरो तीनशे माणसं मारतो. मी ते गंमत म्हणून मामांना सांगितलं. मामांचा चेहरा गंभीर झाला.

"तीनशे? मंग जायलाच पायजे."

जणू दवाखान्यातून बोलावणं आलंय. अंगात धुतलेला सदरा, खिशात पट्टीची गुंडाळी. ती त्यांच्या खिशात कायमच असते, जशी दुसऱ्याच्या खिशात तंबाखूची डबी. मला बरोबर घेतलं, कारण मोठ्या गर्दीत मदतनीस लागतो!

आमच्या पुढच्या रांगेत एक पैलवान बसला होता. दंडावर वाघ गोंदलेला. मामांनी पडद्यावरच्या तिसऱ्या जखमीला सल्ला दिला तेव्हा तो मागं वळला.

"ओ काका, गप बसा की. पिक्चर बघायला आलोय, दवाखान्यात न्हाई."

"बसतो बाबा," मामा म्हणाले, आणि चौथ्याला ओरडले, "कापड दाब! दाबून धर!"

मग तो प्रसंग आला. खलनायकानं एकाचा हात मनगटापासून उडवला आणि कॅमेरा थेट तिथंच जाऊन थांबला. सगळं थेटर शिट्ट्या मारायला लागलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा वाघवाला पैलवान उभा होता. बाहेर जायचं होतं बहुतेक. एक पाऊल टाकलं, डोळे फिरले आणि पोतं पडावं तसा आडवा झाला. पडताना कपाळ खुर्चीच्या लोखंडी हातावर आपटलं.

"मास्तर, उजेड!"

मी मोबाईलचा दिवा लावेपर्यंत पासष्ट वर्षांचे मामा खुर्ची ओलांडून पलीकडे पोचले होते. पट्टी जखमेवर दाबली, दुसरा हात त्याच्या मानेखाली. पैलवानानं डोळे उघडले. आपल्या सदऱ्यावरचं रक्त पाहिलं आणि एवढासा आवाज काढून म्हणाला, "काका, मी मरायलोय का?"

"तू न्हाई रे. ते वर पडद्यावरचे मरायलेत. तुला तीन टाके."

दोघांनी मिळून त्याला रिक्षात घातलं. जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी टाके घातले. बरोब्बर तीन! मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी चार म्हणालो होतो.

पैलवान वालूरचा निघाला. त्याच्या भावाला फोन केला. भाऊ यायला दीड तास. "तुमी जावा काका, मी हाय बरा," पैलवान म्हणाला. मामा हलले नाहीत. त्याचा हात हातात घेऊन खाटेशेजारी बसून राहिले. तो झोपला, तरी सोडला नाही. मी बाहेर फेऱ्या मारत होतो. पिक्चरचा शेवट तर बुडालाच होता. भाऊ आला, तेव्हा मामांनी तो हात भावाच्या हातात दिला, मगच उठले.

बसस्टँडवर मी विचारलं, "मामा, रक्त तर कधीच थांबलं होतं. मग हात कशाला धरून बसलात?"

मामा बाकावर टेकले.

"सुभद्रा नांदेडला ॲडमिट होती," ते म्हणाले. मामी तिथंच गेल्याचं मला माहीत होतं, त्यापुढचं कधी विचारलं नव्हतं. "बारा दिवस मी उठलो न्हाई तितून. तेराव्या दिवशी तीच म्हनली, तोंड बघा कसं सुकलंय, जावा, चहा घिऊन या. खाली गेलो. वर आलो तर..." त्यांनी सदऱ्यावरचा एक डाग नखानं खरवडला. "लोकांचे हात धरन्यात हयात गेली, मास्तर. तिच्या टायमाला माझ्या हातात कप होता."

मला सुचलं ते नेमकं नको तेच.

"मामा, चहा घेऊ या का?"

बोललो आणि जीभ चावली. मामा माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांच्या मिशा हलल्या. हसले.

"घिऊ. चार वर्सं झाली, घेतला न्हाई."

टपरीवर त्यांनी कप दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मी दुसरीकडे बघत होतो. मग एक घोट घेतला.

"साखर लय हाय," म्हणाले, आणि फुंकर मारून दुसरा घेतला.

गंगाखेडची गाडी फलाटाला लागली होती. कंडक्टर हाका मारत होता, आम्हा दोघांनाही ऐकू येत होत्या. ती गाडी आम्ही जाऊ दिली.