बांगड्यांचा अधिकृत अरबी अनुवाद

बांगडे, ताजे, बावीस.

बंद पडलेला एसी.

एक्केचाळीस नावांची यादी.

रिसेप्शनवरची कचऱ्याची बादली, काठोकाठ.

गुलाबाचं फूल. पाठवणारा केरू. रोज.

यातल्या कशाचाच कशाशी संबंध नाही, असं वाटतंय ना? मलाही वाटायचं. आणि मी तर रेकॉर्ड्स मॅनेजर आहे! संबंध लावायचाच पगार घेते.

फाइल १ : बढाई

शारजाच्या औद्योगिक भागात आमची कंपनी तेलाच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह बनवते. अकरा वर्षांत इथे माझ्या हातून एक कागद हरवलेला नाही. एक ईमेल नाही, एक नकाशा नाही! कुणी 'मनाली, ते पत्र?' म्हणायचा अवकाश, त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत पत्र स्क्रीनवर! माझा नवरा मिथुन म्हणतो, "तुझं डोकं म्हणजे बँकेचा लॉकर." घराची किल्ली कुठे ठेवली हे मला त्यालाच विचारावं लागतं, पण ते घरी. ऑफिसात नाही.

फाइल २ : भानगड

जुलैत फुजैरा बंदरावरच्या एका तेल टर्मिनलची नोटीस आली. एप्रिलमध्ये आमचे चौदा व्हॉल्व्ह तीन दिवस उशिरा पोचले, त्यांचं काम अडलं, भरपाई द्या, नाहीतर कोर्टात भेटू.

ट्रेलरबरोबर गेला होता केरू. गुहागरकडचा. आठ वर्षं साइटवर. गावाला बायको सगुणा आणि पाच महिन्यांची मुलगी, जी त्याने अजून फक्त फोनवर पाहिली आहे.

केरू म्हणाला, "मॅडम, ट्रेलर येळेत पोचला. त्यांच्या गेटवाल्याने तीन दिवस आत सोडला नाय. क्रेन नाय म्हणाला."

टर्मिनल म्हणालं, ट्रेलर आलाच नव्हता.

ट्रेलर भाड्याचा. त्याचं जीपीएस बंद. आमचे जीएम नबील सर लेबनॉनचे, आवाज बोटीच्या भोंग्यासारखा. त्यांनी निकाल देऊन टाकला, "तीन दिवस समुद्रावर फिरत होता! शुक्रवारपर्यंत पुरावा, नाहीतर व्हिसा कॅन्सल. खलास!"

मी लॉग उघडला. केरूला इंग्रजी टाइप करता येत नाही, म्हणून तो रोजचा रिपोर्ट मला मराठीत व्हॉइस नोटवर पाठवतो आणि मी तो इंग्रजीत लॉगमध्ये चढवते. सगळे दिवस भरलेले. नेमके ते तीन कोरे! कारण ते तीन दिवस मी आजारी होते.

'आजारी' या शब्दाकडे आपण नंतर येऊ.

"चिंता नक्को," कंपनीच्या वकील रुकय्या मॅडम म्हणाल्या. हैदराबादच्या. भूकंप झाला तरी आधी तारीख लिहून घेतील अशा. "लीगल होल्ड लगाओ."

लीगल होल्ड म्हणजे, केस येऊ घातली की कंपनीतला एकही कागद, मेल, मेसेज कुणी पुसायचा नाही. माझं आवडतं काम! ज्यांच्याकडे या व्यवहाराचं काही असू शकतं अशा एक्केचाळीस जणांची यादी केली आणि मेल धाडलं:

*पुढील सूचनेपर्यंत कोणीही काहीही नष्ट करू नये. – मनाली, रेकॉर्ड्स*

'काहीही' मी ठळक केलं. वर अधोरेखितही केलं. तिथेच घोळ झाला!

फाइल ३ : काहीही

सोमवारी रिसेप्शनवरच्या बानूने सफाईवाल्याला कचऱ्याची बादली नेऊ दिली नाही.

"बानू, त्यात केळ्याची सालं आहेत!"

"मॅम, आपने ही लिखा है. कुछ भी नहीं फेकना."

मंगळवारी मीटिंग रूमच्या फळ्यावर कुणीतरी काढलेला उंट पुसायला कुणी तयार होईना. उंटाच्या पायांमधून विक्रीचे आकडे लिहिले गेले. सगळ्या खात्यांनी लॉटरी लागल्याचे, टक्कल घालवण्याचे मेल तीन-तीन ठिकाणी जपून ठेवले. बुधवारी सकाळी सर्व्हर पहिल्या दिवाळसणाच्या जावयासारखा गळ्यापर्यंत भरून आडवा झाला. मेल बंद!

रुकय्या मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. केळ्याचा वास त्यांच्या मागोमाग आला.

"ये सब छोडो. केरू के व्हॉइस नोट किसके फोन में हैं?"

"माझ्या!" मी छाती फुगवली. फोन उघडला. केरूची चॅट उघडली.

शेवटचे सात दिवस सोडले तर एप्रिल, मे, जून रिकामे! वाळवंटसुद्धा इतकं रिकामं नसतं, तिथे निदान उंट असतो. आमचा उंट फळ्यावर होता.

मी जिन्यात जाऊन केरूला फोन लावला.

"केरू, तुझे एप्रिलचे व्हॉइस नोट कुठे गेले?"

"गेले ना मॅडम. सात दिवसांनी जातात."

"असे कसे जातात? कुणी सांगितलं त्यांना?"

"तुम्हीच की! सेटिंग केलीत तेव्हा चॅटमध्ये लिहून आलं होतं, मनाली मॅडमनी मेसेज सात दिवसांत जायचे केले. मला वाटलं, कंपनीचा नियम असंल."

मी जिन्यातच बसले. आठवलं. रोज सकाळी सहाला केरूचा गुलाब. लाल, पिवळा, दव पडलेला. माझ्या फोनमध्ये बागायत झाली होती! एका सकाळी वैतागून सेटिंग ठोकून दिली होती.

एक्केचाळीस जणांना 'काहीही पुसू नका' सांगणारी मी बेचाळिसावी होते. आणि यादीत माझं नाव नव्हतं.

"मॅडम, शुक्रवारपर्यंत होईल ना?"

"बघते."

"इन्शाल्ला होईल. तुम्ही आहात म्हणून मला काय काळजी नाय."

असं कुणी बोलू नये हो!

फाइल ४ : घर, डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई

"कधीचे होते ते व्हॉइस नोट?" मिथुनने विचारलं.

"एप्रिलचे. प्रमिलावहिनींकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं ना, त्या आठवड्यातले."

"म्हणजे बांगडे आले तेव्हाचे!"

"इथे माणसाची नोकरी चाललीय आणि तुला बांगडे सुचतायत?"

"अगं, केरूनेच आणले होते ना फुजैराहून? त्याचा आवाज तू तुमच्या बायकांच्या ग्रुपवर टाकला होतास. कुणाला किती हवेत विचारायला."

मी झडप घालून फोन उचलला. लॉकर तो होता. मी नुसती खातेदार!

आमच्या भागातल्या चौसष्ट मराठी बायकांचा ग्रुप. तिथे काहीही नष्ट होत नाही. कुणाचा कुकर कुणाकडे सहा वर्षं राहिला, तारीखवार सापडतं! मी एप्रिलपर्यंत मागे गेले.

पहिला दिवस: "मॅडम, सकाळी सातला गेटवर पोचलो. आत सोडत नाय, क्रेन नाय म्हणतो. इथं बांगडा लय ताजा. किलो दहा दिरहम, म्हणजे अडीचशे रुपये धरा. कुणाला पायजे का?"

दुसरा दिवस: "मॅडम, अजून गेटवरच हाय. मासे सांगून ठेवलेत."

तिसरा दिवस: "बावीस बांगडे बर्फात ठेवलेत. गेटवाल्याला दोन जास्तीचे घेऊन दिले, तरी सोडत नाय!" सोबत फोटो. पुढे बर्फाचा डबा, डब्यामागे आमचा ट्रेलर, ट्रेलरमागे टर्मिनलचं गेट, ठसठशीत नावासकट.

गुरुवारी हे सांगितल्यावर रुकय्या मॅडम आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीतून उडाल्या. "मनाली, ये तो सोना है!"

"मग एवढे तीन नोट आणि फोटो देऊ?"

"नक्को. टुकडे काटके नहीं देते. उन तीन दिन की पूरी बातचीत. और अरबी में, सही-सिक्के के साथ."

"पूर्ण?"

"पूरी."

फाइल ५ : पूर्ण

इथल्या कोर्टात कागद अरबीतच लागतो, आणि तोही परवाना असलेल्या अनुवादकाकडून. मराठी जाणणारे असे एकच गृहस्थ सापडले. प्रामाणिक, दुर्दैवाने. दुपारी त्यांचा फोन.

"मॅडम, 'प्रमिलावहिनींची आंब्याची डाळ यंदा अळणी' हे खटल्याशी संबंधित आहे का?"

"नाही हो! गाळून टाका."

"गाळता येत नाही. विचारलं एवढंच. आणि 'बंद पडलेला एसी' म्हणजे यंत्र की व्यक्ती?"

मी फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी नबील सरांपुढे चौदा पानं. प्रत्येक पानावर गोल शिक्का. सर अरबीत वाचू लागले. तीन पानं मान डोलावली. फोटो पाहून टेबलावर थाप मारली. "केरू! गुड मॅन! व्हिसा कॅन्सल नाही!" मग सहावं पान आलं आणि सर थांबले.

सहाव्या पानावर प्रमिलावहिनींनी विचारलं होतं, 'आज ऑफिस नाही का गं?' आणि माझं उत्तर होतं, 'आजारी आहे असं कळवलंय! आमचा बॉस म्हणजे बंद पडलेला एसी. घरघर मोठी, गारवा शून्य.'

अकरा वर्षं मी या माणसाबद्दल निर्धास्त मराठीत बोलत आले. भिंतीसमोर बोलावं तसं. आता भिंत वाचत होती. शिक्क्यासकट!

"मनाली," सर हळू आवाजात म्हणाले. हळू! "व्हेरी गुड रेकॉर्ड."

रुकय्या मॅडमनी तारीख लिहून घेतली.

फोटो पाहून टर्मिनलने नोटीस मागे घेतली. माझ्या रजेच्या खात्यातून तीन दिवस गेले. नवी यादी बेचाळीस जणांची झाली, पहिलं नाव माझं. बानूने बादली सोडली. आणि माझ्या टेबलावरचा एसी आता सरांच्या हुकमाने कायम सोळावर असतो. मी ऑफिसात शाल घेऊन बसते. बाहेर पंचेचाळीस!

केरू पुढच्या आठवड्यात सुट्टीवर निघालाय, लेकीला पहिल्यांदा मांडीवर घ्यायला. भेटायला आला तेव्हा म्हणाला, "मॅडम, ती सकाळची फुलं... आता बंद करू काय?"

"पाठवत जा रे," मी म्हटलं आणि त्याच्यासमोरच सेटिंग काढली.

चॅट वर सरकवली तेव्हा दिसलं, ती सेटिंग मी केली होती अकरा फेब्रुवारीला. त्या सकाळच्या, मी न उघडलेल्या गुलाबाखाली केरूने लिहिलं होतं, 'मॅडम, मुलगी झाली.'