जर्मन मशीनच्या पोटातला ठोकळा

हंबीररावांनी बेहेरेसाहेबांना जेवायला बोलावलं ते काही प्रेमापोटी नव्हे. हंबीररावांची उद्यमनगरात बिडाची फौंड्री, आणि दोन महिने भट्टी थंड. पुण्याच्या ज्या कंपनीला ते लोखंडी ठोकळे ओतून द्यायचे, तिथले तपासणी अधिकारी म्हणजे हे बेहेरे. कंपनी ते ठोकळे रंगवून मुंबईला धाडायची. पुढं त्यांचं काय होतं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, आणि विचारायची गरजही कुणाला वाटली नव्हती. नव्या ऑर्डरवर आज साहेबांची सही झाली तरच भट्टी पेटणार होती.

मटण झकास झालं होतं. पण साहेब पडले पुण्याचे. तांबड्या रश्श्याच्या पहिल्याच घोटाला असा ठसका लागला की अर्धी वाटी पांढऱ्याशुभ्र शर्टावर. तानाबाई साबण आणायला उठल्या, तर हंबीररावांनी बायकोला खाली बसवलं. गेल्याच महिन्यात त्यांनी मुंबईहून धुण्याचं मशीन आणलं होतं, अख्ख्या गल्लीत पहिलं, आणि ते दाखवायला आयतंच निमित्त मिळालं.

"जर्मन हाय, सायेब," ते म्हणाले. "तिथला लोखंडाचा तुकडाबी इमानदार. आपल्या लोकांगत चोरटं काम न्हाय."

रस्सा अंगाला झोंबत होता म्हणून साहेब आंघोळीलाच गेले. शर्ट, दोन धोतरं आणि एक सोलापुरी चादर मशिनात गेली. अर्धा तास सगळं सुरळीत. पिळायची वेळ आली आणि मशीन थरथरलं, मग उड्या मारायला लागलं, मग चक्क चालायला लागलं. तानाबाई भिंतीला चिकटून बघतच राहिल्या. बोळातून सरकत सरकत ते न्हाणीच्या दारावर आदळलं आणि दार व समोरची भिंत यांच्यामध्ये घट्ट अडकून बसलं. प्लग ओढला तोवर साहेब आत कोंडले गेले होते. दार तसूभर हलेना.

हंबीररावांचं डोकं फिरलं. हे ज्यानं बनवलं त्याला भर बिंदू चौकात जोड्यानं हाणला पाहिजे, असं ते साहेबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलले. मग फौंड्रीतून फोरमन अल्लाउद्दीनला बोलावणं धाडलं. त्यानं बघून सांगितलं की असल्या मशिनाच्या पोटात ते उडू नये म्हणून एक वजन असतं. ते काढलं की मशीन हलकं होईल आणि उचलता येईल. मागचा पत्रा उघडला. आत एक बारीक पट्टी होती, तिच्यावर लिहिलेलं, जोडणी मुंबईची. म्हणजे जर्मन होतं ते फक्त दर्शनी भागावरचं नाव. हंबीरराव गार पडले. अल्लाउद्दीननं वजन ओढून काढलं, त्यावरचा रंग खरवडला.

जन्म भट्टीच्या आवाजात गेल्यामुळं या माणसाला हळू बोलता येत नसे.

"मालक, ह्यो आपलाच ठोकळा की. ह्यो बघा आपला छाप. बाराचा पायजे हुता, आपण धा किलोचा वतला. मग नाचंल न्हाय तर काय?"

हंबीररावांनी त्याच्या तोंडावर हात दाबला, पण उशीर झाला होता. न्हाणीतून दारावर पडणाऱ्या थापाही थांबल्या. गेली ऑर्डर, गेली फौंड्री.

मशीन उचलून बाजूला ठेवलं. दार उघडलं. टॉवेल गुंडाळलेले बेहेरेसाहेब बाहेर आले, कुणाकडंही न बघता ठोकळ्यापाशी उकिडवे बसले आणि त्यांनी तो उलटा केला. पलीकडच्या बाजूला ठोकलेला शिक्का होता : 'वजन तपासले, पास'. त्याखाली त्यांचाच नंबर. हे सगळे ठोकळे त्यांनी काट्यावर न चढवता, हंबीररावांच्या ऑफिसात चहा पीत पास केले होते.

मग साहेबांनी स्वतः ठोकळा जागेवर बसवला, अल्लाउद्दीनच्या हातातला पान्हा घेऊन बोल्ट आवळले, पत्रा लावला आणि ऑर्डरचा कागद मागितला. अंगावर टॉवेल असतानाच सही केली.

हंबीरराव खाली मान घालून म्हणाले, "सायेब, ह्या बारीला बाराचाच वततो. आईशप्पत."

"तेरा ओता," साहेब म्हणाले. "पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न आहे. जावयाला द्यायला हेच मशीन बुक केलंय."