डिझेलच्या पाइपातला वारा

पिंपरदऱ्याच्या मुलींची गाडी घाटात बंद पडली, कारण तिच्या डिझेलच्या पाइपात पिंपरदऱ्याचा वारा जाऊन बसला होता.

हे कळायला अर्थातच वेळ लागला. गाडी म्हणजे शाळेची जुनी मिनीबस. ती चालवायच्या कुंदाबाई भोईटे, शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाई. माळावरच्या मैदानात मुलींना पळवून पळवून त्यांनीच हा खो-खोचा संघ उभा केला होता आणि आज दुपारी जिल्ह्याच्या गावी त्यांचा पहिलावहिला अंतिम सामना होता. मागे मुली टाळ्या वाजवत गात होत्या. अशा वेळी ऐन चढावर गाडीनं झटके द्यायला सुरुवात केली, इंजिन ठसकल्यासारखं झालं आणि बंद पडलं.

बाईंनी मुलींना उतरवलं, चाकांमागे दगड लावले आणि पुन्हा चावी फिरवली. स्टार्टर जोमानं फिरला, पण इंजिन लागेना. घाटमाथ्यावर इलाहीभाई मुलाणींचं गॅरेज होतं. बाईंनी त्यांना फोन केला, तेव्हा ते जेवायला बसत होते. खो-खोचा अंतिम सामना म्हटल्यावर ताट तसंच झाकून ते मोटारसायकलवरून आले.

इलाहीभाईंनी आल्या आल्या काहीच उघडलं नाही. बाईंना स्टार्टर मारायला सांगून ते मागे सायलेन्सरपाशी जाऊन वाकले. धूर येत नव्हता. त्यांचा चेहरा उजळला. डिझेल इंजिनात पोचून जळत नसतं तर पांढरा धूर आला असता, असं त्यांनी सांगितलं. धूरच नाही म्हणजे डिझेल वाटेतच कुठंतरी अडलंय. टाकीपासून इंजिनापर्यंतची वाट तपासत जायचं, एवढंच काम.

हे ऐकून बाईंना हुरूप आला. हुलकावण्या देणारा गडी हेरून त्याला बाद करायचं, हे त्यांचं रोजचंच काम होतं. त्यांनी पदर खोचला आणि विचारलं, "सुरुवात कुठून करायची?"

सुरुवात टाकीतून झाली. संघाची कप्तान मैना कारंडे हिनं तारेला फडकं बांधून टाकीत बुडवलं. टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली निघाली. टाकीच्या झाकणाचं रबर फाटलेलं होतं, पण तेवढ्यानं गाडी बंद पडत नाही, असं इलाहीभाई म्हणाले. मग ते फिल्टरपाशी आले. फिल्टरच्या खालचा नट सैल करून त्यांनी थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घेतलं आणि उन्हात धरलं. डिझेलमध्ये पाणी असतं तर ते तळाशी वेगळं दिसलं असतं. कचरा असता तर तोही दिसला असता. डिझेल स्वच्छ होतं. मुलींनी बाटली हातोहात फिरवली आणि सगळ्यांनी मान्य केलं की हे स्वच्छ आहे.

मग फिल्टरवरचा हातपंप. इलाहीभाईंनी अंगठ्यानं तो दाबून पाहिला आणि बाईंनाही दाबायला सांगितला. पाइपात डिझेल भरलेलं असेल तर पंप कडक लागतो. हा उशीसारखा मऊ लागत होता.

"एअर धरलीय," बाई म्हणाल्या.

इलाहीभाईंनी मान डोलावली. त्यांनी फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू दोन आटे सैल केला आणि बाई पंप मारू लागल्या. स्क्रूतून फेस आला. बुडबुड्यांमागून बुडबुडे आले, मग निव्वळ डिझेल वाहू लागलं. स्क्रू आवळला, चावी फिरवली, आणि इंजिन एका दमात सुरू झालं. मुली ओरडत गाडीत चढल्या. शेवटची मुलगी चढते आहे तोवर इंजिन बंद पडलं.

दुसऱ्यांदाही तसंच झालं, तिसऱ्यांदाही.

आता इलाहीभाई गाडीखाली शिरले. बाहेरची हवा कुठून ओढली जाते ते पाहण्यासाठी त्यांनी एकेक जोड कोरडा पुसून तपासला. सगळे घट्ट होते. पाइपाला चीरही नव्हती. ते बाहेर आले आणि रस्त्यावरच मांडी घालून विचार करत बसले. मुली भोवती उभ्या होत्या. कुणी घड्याळाकडे बघत होतं, कुणी गाडीकडे. बाईंना मात्र इलाहीभाईंच्या तोंडाकडे बघून कळत होतं की हा माणूस जवळ आला आहे. मैदानात पळणारा गडी आता खांबाच्या कुठल्या बाजूनं वळणार ते कळतं, तसंच.

"बाई," इलाहीभाई सावकाश म्हणाले, "नवी हवा आत येतच नाहीये. तीच हवा परत परत येतेय. आपण स्क्रूतून काढतो, ती टाकीच्या झाकणातून पुन्हा आत शिरते आणि पाइपातून वर येते. हिला इथून जायचंच नाहीये."

मग त्यांनी स्क्रू पुन्हा सैल केला आणि बाईंना जवळ येऊन वास घ्यायला सांगितलं. डिझेलच्या वासात मुरलेल्या त्यांच्या स्वतःच्या नाकाला दुसरा वास येतोय असं वाटत होतं, पण कशाचा ते ओळखता येत नव्हतं. बाई वाकल्या. एक बुडबुडा फुटला. त्यातून गुऱ्हाळाच्या काहिलीचा वास आला, त्यामागून हरभऱ्याच्या भुशाचा आणि माळावरच्या तापलेल्या मुरमाचा.

बाई ताठ उभ्या राहिल्या. हा वास त्यांच्या मैदानाचा होता. मुलींनी पाळीपाळीनं वास घेतला. मैनाला तर बुडबुड्यात घरच्या गोठ्याचाही वास आला.

इलाहीभाईंनी सांगितलं की संशय पुरेसा नाही, खात्री करायला हवी. गावी फोन लावून तिकडे वारा आहे का, एवढं विचारा.

बाईंनी सरपंच सुभद्राकाकू वाघमोडे यांना फोन लावला. काकू खळ्यावरच होत्या आणि संतापलेल्या होत्या. गाडी गेल्यापासून गावात पान हललेलं नव्हतं. हरभऱ्याची उफणणी बंद पडली होती, सुपं हातात धरून माणसं नुसती उभी होती. धूर चुलीवरून सरळ वर जात होता. वारा गेला कुठं, म्हणून त्यांनी माणसं शिवेपर्यंत धाडली होती.

"आमच्या गाडीच्या पाइपात आहे, काकू," बाई म्हणाल्या.

काकूंनी विचारलं की तो आपणहून बसलाय की चुकून अडकलाय.

हा प्रश्न योग्य होता आणि तो वाऱ्यालाच विचारणं भाग होतं. वाऱ्याशी बोलताना तू म्हणावं की तुम्ही, असा बाईंना क्षणभर पेच पडला. पण तो त्यांच्या आज्याच्याही आधीपासून गावात होता. त्यांनी स्क्रूपाशी तोंड नेलं आणि तुम्ही आपणहून बसलात का, असं विचारलं. इलाहीभाई सावकाश पंप मारत राहिले, म्हणजे वाऱ्याला बोलायला सोपं जावं.

वारा बुडबुड्यांतून बोलला. आवाज घोगरा होता, पण शब्द स्पष्ट होते. तो म्हणाला की चुकून वगैरे काही नाही. मुली मैदानात पळायला लागल्या तेव्हापासून तो त्यांच्यासंगं पळतो आहे. त्यांचा घाम त्यानं वाळवलाय, त्यांच्या वेण्या त्यानं उडवल्यात. पण सामने नेहमी परगावी होतात आणि शिवेच्या पलीकडे दुसऱ्या गावचा वारा असतो. त्याच्या हद्दीत मोकळं फिरता येत नाही. कशात तरी कोंडून घेऊनच जावं लागतं. म्हणून तो फाटक्या रबरातून टाकीत शिरला.

"आजचा सामना मला बघायचाय, बाई," वारा म्हणाला. "लई दिवस ऐकतोय नुसता."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते डिझेलच्या वासानं आलं असंही त्यांना वाटलं. मुली एकदम बोलू लागल्या. त्याला न्यायचंच, असं त्यांचं म्हणणं होतं. इलाहीभाईंचीही हरकत नव्हती, फक्त पाइपातून नेता येणार नाही. डिझेलच्या गाडीत वारा टाकीपासून इंजिनापर्यंत कुठंच बसू शकत नाही, त्याला दुसरी जागा द्या, असं त्यांनी सांगितलं.

त्यासाठी आधी गावाची परवानगी हवी होती. सुभद्राकाकूंनी फोन सुरूच ठेवून खळ्यावर जमलेल्या माणसांना सगळं समजावलं. वारा गेला तर दिवसभर उफणणी थांबणार, हे कुणी कुणी बोलून दाखवलं. काकूंनी हात वर करायला सांगितले. फोनमधून बाईंना बांगड्या वाजल्याचे आवाज आले.

"दिवस मावळायच्या आत आणून सोडा," काकू म्हणाल्या. "आणि जिंकून या. रिकाम्या हातानं आलात तर आमचा खाडा फुकट जाईल."

जागा मैनानं सुचवली. शाळेला खेळाच्या सामानात एक फुटबॉल आला होता. गावात फुटबॉल कुणी खेळत नसल्यामुळे तो हवा न भरताच गाडीच्या मागच्या सीटखाली पडून होता. इलाहीभाईंनी स्क्रूला पारदर्शक नळी जोडली, नळीचं दुसरं टोक फुटबॉलच्या तोंडाला लावलं आणि बाईंना पंप मारायला सांगितलं. अख्ख्या गावचा वारा एवढ्याशा बॉलमध्ये मावेल का, अशी शंका एका मुलीनं काढली. वारा म्हणाला की तो अंग चोरून बसेल. डिझेल येऊ लागायच्या आत इलाहीभाईंनी नळी काढली आणि तोंड बंद केलं. बॉल दगडासारखा टणक झाला होता.

त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून टाकीच्या झाकणाला बसवला. हातपंप आता कडक लागत होता. बाईंनी चावी फिरवली, इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. इलाहीभाईंनी मोटारसायकल तिथंच झाडाखाली लावली आणि तेही गाडीत बसले. एवढं झाल्यावर सामना न बघता परत जाणं त्यांच्याच्यानं होणार नव्हतं.

सगळे मैदानावर पोचले तेव्हा समोरचा संघ उतरलेला होता. कुंदाबाईंच्या मांडीवरचा बॉल पाहून पंच जवळ आले. खो-खोच्या मैदानात फुटबॉल कशाला, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. बाईंनी खरं काय ते सांगितलं. पंचांनी बॉल बोटानं दाबून पाहिला.

"प्रेक्षक म्हणून बसत असेल तर हरकत नाही," ते म्हणाले. "पण तोंड बंद ठेवायचं."

मग इथला वारा मोकळा कसा फिरतोय, असं बाईंनी विचारलं. पंचांनी तो इथला रहिवासी आहे, असं सांगितलं आणि शिट्टी वाजवली.

पुढचं सगळं बाईंना नंतर तुकड्यातुकड्यांनी आठवलं. एकदा आपण पुढे, एकदा त्या पुढे. मुली खो देत होत्या, उठत होत्या, धुळीतून झेपावत होत्या. इलाहीभाई उभे राहून बघत होते आणि त्यांच्या हातात पाना तसाच राहिला होता. शेवटच्या डावात दोन्ही संघांचे गुण सारखे झाले आणि समोरची एकच पोरगी मैदानात उरली. ती हरणासारखी पळत होती. तेवढ्यात तिथल्या वाऱ्यानं मोठी वावटळ उठवली आणि मैनाच्या तोंडावर माती आली. बाईंच्या हातात बॉल थरथरला. शिवण फुटते की काय, असं त्यांना वाटलं. त्यांनी त्याला पोटाशी घट्ट धरलं आणि त्याच्या कानात बोलावं तशा वाकून म्हणाल्या, "तिचं तिला करू द्या."

बॉल थांबला. मैनानं डोळे मिटून घेतले होते. ती पोरगी खांबाच्या ज्या बाजूला वळणार त्या बाजूला तिनं डोळे मिटूनच सूर मारला. तिची बोटं पोरीच्या टाचेला लागली आणि त्याच क्षणी शिट्टी झाली.

मुलींनी एकमेकींना मिठ्या मारल्या, बाईंना उचललं, इलाहीभाईंनाही उचललं. मग फुटबॉल उंच उडवला आणि झेलला, कितीतरी वेळा.

परतीच्या वाटेवर घाटात इलाहीभाई उतरले. गाडीनं कुठं झटका दिला नाही. सूर्य डोंगराला टेकता टेकता पिंपरदऱ्याची शीव आली. बाईंनी गाडी थांबवली, सगळ्या खाली उतरल्या आणि मैनानं बॉलचं तोंड मोकळं केलं. वारा तिच्या हातातून सुटला, सगळ्यांच्या वेण्या एकदा उडवल्या आणि ज्वारीची ताटं वाकवत गावाकडे पळत सुटला. गाडी त्याच्यामागून निघाली, पण त्याला गाठणं शक्य नव्हतं.

गाडी खळ्यापाशी पोचली तेव्हा उफणणी जोरात चालली होती, भुसा सोनेरी होऊन उडत होता. जिंकलात का, असं कुणीच विचारलं नाही. वाऱ्याच्या तोंडून गावाला सामना खो-गणिक पाठ झाला होता. पंचांनी पहिल्या डावात चुकीचा फाऊल दिला, यावर म्हातारे वाद घालत बसले होते. सुभद्राकाकू हातात वाटी घेऊन पुढे आल्या. त्यांनी मैनाला खळ्याच्या कडेला बसवलं, तिची पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि शेवटच्या सुरात खरचटलेल्या डाव्या गुडघ्याला कोमट हळद लावली.