पेशकारांच्या घरातलं 'आपण'

औशाच्या तहसील कचेरीत दिवसभर 'जी हुजूर' म्हणून पेशकार रेणुकादास घरी येत, तेव्हा आपल्यालाही कोणीतरी तसं म्हणावं, अशी त्यांची माफक इच्छा असे. बायको चंद्रप्रभा 'अहो' म्हणे, पण ते लग्नातच मिळालेलं. त्यात त्यांची स्वतःची कमाई काही नव्हती. पोटी मूल नव्हतं. त्यामुळं थोरल्या भावानं, उद्धवनं, आपली चौदा वर्षांची इंदू शिकायला मुरुडहून धाडली, तेव्हा पेशकारांना फार बरं वाटलं. ते बरं वाटणं पहिल्या जेवणापर्यंत टिकलं.

"काका, तू लई हळू जेवतोस रे," इंदू म्हणाली. "आमचा म्हातारा बैल बी तुझ्या आधी उठला असता."

पेशकारांनी हात धुतले आणि ओसरीवर धडा सुरू केला.

"हे तालुक्याचं गाव आहे. इथं मोठ्या माणसांना 'आपण' म्हणायचं. नावापुढं 'साहेब' लावायचं."

"मोठं म्हंजे वयानं का?"

पेशकार थबकले. खरं उत्तर 'हुद्द्यानं' असं होतं. पण ते लहान पोरीसमोर तोंडातून निघेना. "वयानंच की," ते म्हणाले.

इंदू अभ्यासू होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीचा चपराशी हणमंत दप्तर न्यायला आला आणि रोजच्यासारखा पायरीवर टेकला.

"हणमंतसाहेब, आपण खाली का बसलात? वर सतरंजीवर या."

कोणी साहेब आला की काय म्हणून हणमंतनं मागं वळून पाहिलं. मागं फक्त शेळी होती. पंचावन्न वर्षांत त्याला 'ए', 'अबे' आणि 'कुठं मेला होतास' याखेरीज दुसरी हाक ठाऊक नव्हती. रुमालाच्या टोकानं डोळे पुसत तो सतरंजीवर येऊन बसला. तिसऱ्या दिवशी तो तक्क्याला टेकला.

"हणमंता, पाणी आण रे," पेशकार म्हणाले.

"काका," इंदू आतून म्हणाली, "हणमंतसाहेब आपल्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे हायत. मी इचारलंय त्यांना."

हणमंतनं नजर खाली घातली, पण तो उठला नाही. पाणी पेशकारांनीच आणलं. दोघांसाठी.

आठवड्याभरात गल्लीत बोभाटा झाला. दूधवाली 'बाईसाहेब' झाली, कुंभार 'साहेब' झाला, आणि ज्यांचं काहीच काम नव्हतं तेही नुसतं 'आपण या' ऐकायला दारावरून दोन दोन फेऱ्या मारू लागले.

"तुम्हीच शिकवलं, तेच पोर करायलीय," चंद्रप्रभा म्हणाली. "तिला काय म्हणून बोलू?"

अशातच नवे तहसीलदार चहाला येणार असं ठरलं. हैदराबादचे, खानदानी, वय अवघं सव्वीस. पेशकारांना लातूरला बदली हवी होती आणि ती यांच्या एका शब्दावर होती. खास त्यांच्यासाठी शेजारून खुर्ची आणवली.

साहेब आले. मागं छत्री धरून हणमंत होता. इंदूनं दोघांकडं नीट पाहिलं, वयाचा अंदाज घेतला आणि खुर्ची हणमंतपुढं सरकवली. "हणमंतसाहेब, आपण इथं. साहेब, आपण सतरंजीवर बसावं."

छत्रीसकट हणमंत खुर्चीत बसला. पेशकारांच्या तोंडचं पाणी पळालं. "इंदे, मर तिकडं," ते दातांतल्या दातांत पुटपुटले.

तहसीलदार मात्र शेरवानी सावरून सतरंजीवर बसले आणि इंदूला म्हणाले, "आपका नाम क्या है?"

"मला इचारायलेत का?" इंदूनं काकांना विचारलं.

"जी, आपही को," साहेब हसले. "हमारे घर में बच्चों को भी आप कहते हैं. सुनेंगे नहीं, तो सीखेंगे कैसे? आप इनको क्या कहते हैं, पेशकारसाहब?"

"मी... मीपण आपच म्हणतो, हुजूर," पेशकार म्हणाले, आणि इंदूकडं वळले. "इंदूताई, आपण चहा आणता का?"

हुजुरांसमोर गेलेला शब्द मागं घेणं पेशकारांच्या रक्तात नव्हतं. त्या दिवसापासून घरात दोन्ही बाजूंनी 'आपण' सुरू झालं. दूध उतू गेलं की ते म्हणत, "इंदूताई, आपलं लक्ष कुठं होतं?" असल्या वाक्यानं बोलणाऱ्याचा राग निघत नाही आणि ऐकणाऱ्याला भीतीही वाटत नाही. चंद्रप्रभा तोंडाला पदर लावून चुलीपुढं जाऊन बसे.

सुगी झाल्यावर उद्धव ज्वारीचं पोतं घेऊन मुरुडहून आला.

"दादा, कधी निघालास तू? बस," पेशकार म्हणाले.

इंदू तांब्या घेऊन बाहेर आली. "बाबा, आपण पाणी घ्यावं."

उद्धवचा हात मधेच थांबला. "काय गं, रुसलीस का? यायला उशीर झाला म्हनून?"

"न्हाई बाबा. काका, बाबा आपल्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे हायत. मग आपण त्यांना तू कसं म्हणता?"

सतरंजीवरून हणमंतसाहेबही उत्तराची वाट बघू लागले. पेशकारांना पळायला जागा उरली नाही.

"दादा, आपण... आपण वर बसावं. वाटेत आपल्याला त्रास झाला असेल."

उद्धवचा चेहरा उतरला. तांब्या तसाच खाली ठेवून तो म्हणाला, "रेणक्या, सरळ बोल. वाटणी पायजे का तुला?"

"वाटणी? न्हाई दादा, मी आपल्याला फक्त..."

"पुन्हा 'आपल्याला'. चुलत्यानं असंच केलं होतं. सकाळी आपल्या बापाला 'आपण' म्हनला आन् सांजच्याला पटवाऱ्याला घेऊन आला."

"अरे, ही अदब आहे."

"अदब परक्याची असती," उद्धव म्हणाला. जेमतेम दोन घास खाऊन तो गाडी जुंपून निघून गेला.

आठव्या दिवशी मुरुडहून पत्र आलं. 'राजमान्य राजश्री रेणुकादासपंत पेशकारसाहेब यांसी उद्धवचा शिरसाष्टांग नमस्कार. आपल्या इच्छेप्रमाणं परवा पटवारी येऊन बांध घालणार आहेत. विहिरीकडचं रान आपल्याला ठेवलं आहे, खडकाळ आम्ही घेतो. आपण थोर, आम्ही अडाणी. कमीजास्त झाल्यास क्षमा असावी.'

जन्मात पहिल्यांदा कोणीतरी पेशकारांना मायन्यासकट साहेब म्हटलं होतं. थोरल्यानं धाकट्याला आशीर्वाद लिहायचा असतो. इथं नमस्कार होता. तो शब्द वाचून त्यांना पुढं जेवणच जाईना. उत्तर लिहायला बसले, तर थोरल्या भावाला पत्रात 'तू' लिहिता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. शेवटी कचेरीतून रजा काढून ते स्वतःच मुरुडला गेले.

विहिरीकडच्या रानात पटवारी मोजणीची साखळी टाकून उभा होता आणि उद्धव खुंटा ठोकत होता.

"दाद्या," पेशकार बांधावरूनच ओरडले, "डोकं फिरलंय का तुझं? कुणी मागितली होती रे तुला वाटणी?"

उद्धवनं वर पाहिलं. मग त्यानं खुंटा उपटला आणि हातातली माती झाडली. "मग तोंडानं सांगायला काय झालं होतं तुला, गाढवा? चल, भाकरी खाऊन घे."

पटवारी अदबीनं पुढं झाला. "पेशकारसाहेब, आपण आलाच आहात, तर आपल्या दोघांच्या सह्या..."

"तू गप रे," दोघं भाऊ एकदमच म्हणाले.

पटवाऱ्याची साठी उलटलेली होती. इंदू त्या वेळी औशाला होती, हे बरं.