जास्वंदीवरचं बाळंतपण

मंदाकिनी शेटे यांच्या गच्चीवरच्या जास्वंदीवर एक लेडीबर्ड पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. लाल, काळ्या ठिपक्यांची, प्रवासाने दमलेली. "आई, मावा खावासा वाटतोय," ती म्हणाली.

मंदाताईंना आनंदाने आकाश ठेंगणं झालं. एक तर शेट्यांना लेक नव्हती. त्यात माव्याच्या बारीक हिरव्या किड्यांनी रस शोषून जास्वंदीला अगदी मरणपंथाला लावलं होतं. पानं चिकट, कळ्या गळालेल्या. "खा गं बाई, संकोच करू नकोस," म्हणत त्यांनी सगळ्यात बरबटलेली फांदी पुढे केली. फवारणीचा पंप घेऊन वर येणाऱ्या नवऱ्याला, भालचंद्ररावांना, त्यांनी जिन्यातच अडवलं.

"घरात बाळंतीण आहे. औषध बंद!"

भालचंद्ररावांनी पंप खाली ठेवला, पण हाताशीच.

यथावकाश पानामागे पिवळीधमक अंडी झाली. ती फुटल्यावर बारसं ठरलं. शेजारच्या कुंदावहिनी घुगऱ्या खायला आल्या. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. बाळं लाल नव्हती, गोलही नव्हती. काळी, लांबुळकी, अंगभर काटे.

"कुणावर गेलीयत म्हणायची?" वहिनींनी विचारलं.

"कुणावर कसली? सरळ कीड आहे ही," भालचंद्रराव म्हणाले आणि त्यांनी पंप उचलला.

लेडीबर्डने पंख उघडले. "बाबा, असं असेल तर पोरांना घेऊन मी आत्ताच्या आत्ता सासरी जाते."

मंदाताई पंपाच्या आड आल्या. लेकही जाणार आणि जास्वंदही. "अहो, हात आवरा! जन्मल्या जन्मल्या मूल कुठं देखणं असतं? आपला श्रीधर आठवा!"

भालचंद्ररावांना श्रीधर आठवला. त्यांनी निमूट भिंग घेतलं. एका बाळाने माव्यातला एक किडा धरला, चोखला, साल टाकलं आणि दुसरा धरला.

"अगं, खातंय!" ते ओरडले. "आणखी एक घेतला! हे बघ, हे धाकटं तर दोन्हीकडून ओढतंय! वहिनी, बघा तरी!" पंप हातातून कधी सुटला, त्यांना कळलंही नाही. "आमच्या घराण्यावर गेलीयत. शेटे पंगतीला असेच बसतात."

लेडीबर्डने पंख मिटले. "पण बाबा, हा मावा उद्याच संपेल."

माहेरी आलेल्या लेकीला जेवण कमी पडणार, हे ऐकून भालचंद्ररावांचा चेहरा पडला. ते वाटी घेऊन आले. "वहिनी, तुमच्याकडे थोडा मावा असेल का हो?"

कुंदावहिनींची मान ताठ झाली. त्यांचा वालाचा वेल अख्ख्या गल्लीत सगळ्यात किडका होता आणि आजवर कुणी त्याचं कौतुक केलं नव्हतं.

"वाटी काय आणताय," त्या म्हणाल्या, "पोरांनाच जेवायला पाठवा."