माझा राजीनामा कुणी घेईना!

राजीनामा देणं ही कला आहे आणि ती माझ्या अंगात उपजतच आहे, असं मी त्या रविवारी सकाळी बायकोला छातीठोकपणे सांगितलं. ग्लेनिस तेव्हा बटाटे सोलत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "आजवर किती दिलेस?"

"एकही नाही. म्हणून तर! पहिलाच असा देईन की लोक बघत राहतील!"

त्या दिवसांत आमच्या देशात राजीनाम्यांचा नुसता हंगाम आला होता. युरोपातून बाहेर पडायचं, असा कौल लोकांनी गुरुवारी दिला आणि शुक्रवारी सकाळीच पंतप्रधानांनी 'मी चाललो' म्हणून सांगून टाकलं. आता त्यांच्या खुर्चीसाठी त्यांच्याच पक्षातले चार-पाच जण एकमेकांच्या पाठीवरून प्रेमानं हात फिरवत होते. सुरा नेमका कुठे खुपसायचा ती जागा चाचपत होते म्हणा ना! मग आम्ही विरोधी पक्षवाले मागे कसे राहणार? आम्हालाही नेता बदलायचा होता!

आमचे नेते अँब्रोज पेलम. माणूस अगदी देवासारखा. कुणीही दारात आलं की आधी चहा आणि बिस्किटांचा डबा पुढे करणार. पण हा माणूस निवडणूक जिंकून देईल असं त्याच्या मित्रांनाही वाटत नसे, आणि खुर्ची तर काही केल्या सोडेना. तेव्हा फिलिपा गार्साइडनं डाव टाकला. फिलिपाला स्वतःला नेता व्हायचं होतं. आमच्या छाया-मंत्रिमंडळातल्या, म्हणजे सरकारच्या एकेका मंत्र्यावर नजर ठेवायला नेमलेल्या आमच्या माणसांपैकी, प्रत्येकानं तासातासाच्या अंतरानं राजीनामा द्यायचा, असा तिचा बेत. दिवसभर प्रत्येक बातमीपत्रात एक ताजा राजीनामा! अँब्रोज शेवटी कंटाळून स्वतःच घरी जातील, ही तिची खात्री.

मी त्या छाया-मंत्रिमंडळात समुद्रकिनारे आणि दीपगृहं सांभाळत होतो. सांभाळत होतो म्हणजे काय, सरकारातला खरा मंत्री बोलायला उठला की समोर बसून 'छे छे!' म्हणायचं. गाडी नाही, शिपाई नाही. अकरा वर्षं खासदार असूनही मी टीव्हीवर एकदाच दिसलो होतो, तेही दुसऱ्याच्या मुलाखतीत, मागून सँडविच खात जाताना. माझ्या सासूबाई, मिसेस ऑर्मरॉड, दर नाताळात माझ्या ताटात टर्कीचा सगळ्यात कोरडा तुकडा वाढत आणि विचारत, "क्लाइव्ह, तू लंडनला जाऊन नक्की करतोस तरी काय?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ते आता मिळणार होतं. फिलिपानं मला वेळ दिली होती सोमवारी दुपारी दोनची! सासूबाईंनी गावातल्या पबमध्ये टीव्हीसमोरची खुर्ची आधीच अडवून ठेवली होती.

मी तीन परिच्छेदांचं भाषण पाठ केलं. आमच्याकडे राजीनाम्याची रीत ठरलेली आहे. पहिल्या परिच्छेदात 'आपल्या हाताखाली काम करायला मिळालं हे माझं भाग्य', दुसऱ्यात 'आपल्यासारखा सज्जन माणूस मी पाहिला नाही', आणि तिसऱ्याच्या तोंडाशी 'परंतु'. जे काय विष ओकायचं ते परंतुच्या पुढे!

"मग परंतुपासूनच सुरू कर की," ग्लेनिस म्हणाली.

"अगं, एखाद्याच्या तोंडावर असं कसं बोलायचं? आपण काय फ्रेंच आहोत?"

सोमवारी दुपारी मी नवा टाय बांधून अँब्रोजच्या खोलीबाहेर पोचलो. बघतो तर राजीनामे देणाऱ्यांची ही लांब रांग! सकाळपासूनचं वेळापत्रक कोलमडलं होतं. माझ्या मागे आरोग्य खात्याची बाई उभी होती, तिला गाडी गाठायची होती. मी म्हटलं, "आधी तुम्ही." तिच्यामागच्यांनाही मग तसं म्हणणं भागच होतं. एकेक जण दार किलकिलं करायचा, आत डोकं घालून 'मी पण चाललो!' असं ओरडायचा आणि कॅमेऱ्यांकडे धूम ठोकायचा. माझा नंबर आला तेव्हा पॅसेजमध्ये चिटपाखरू नव्हतं.

मी मात्र रीतसर आत गेलो. दार लावलं. अँब्रोज एकटेच बसले होते. समोर बिस्किटांचा भरलेला डबा, कुणी हातही लावलेला नाही. मी घसा खाकरला. "अँब्रोज, आपल्या हाताखाली काम करायला मिळालं, हे मी माझं भाग्य समजतो."

अँब्रोजनी चष्मा काढला. "काय म्हणालास?"

"आपल्यासारखा सज्जन माणूस मी पाहिला नाही."

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! "क्लाइव्ह! सकाळपासून माणसं दारातूनच ओरडून जाताहेत रे! चहासुद्धा घेतला नाही कुणी! तू एकटा आत येऊन बसलास!" आणि त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात बिस्कीट घातलं. तिसऱ्या परिच्छेदाचा 'परंतु' माझ्या ओठांवर आला होता हो, पण तो बिस्किटामागे अडकला! तोपर्यंत अँब्रोज म्हणाले, "आजपासून मत्स्यखातंही तुझंच!"

मी कसाबसा घास गिळला. "अँब्रोज, मला नाही वाटत मी त्या कामाला अगदी योग्य माणूस आहे."

आता, इंग्रज माणूस यापेक्षा मोठ्यानं 'नाही' म्हणूच शकत नाही! पण अँब्रोजनी माझी पाठ थोपटली. "हाच तो विनय!"

बाहेर आलो तोच ग्लेनिसचा फोन. "दिलास?"

"दिला नाही. मिळालं."

"काय मिळालं?"

"मासे."

पलीकडे पबमधला गलका वाढला. मग ग्लेनिस म्हणाली, "आई दोनपासून पापणी न हलवता बघतेय. तुझ्या जागी टीव्हीवाल्यांनी एका तुंबलेल्या गटाराची बातमी दाखवली."

संध्याकाळी फिलिपानं मला जिन्यात गाठलं आणि मासे परत करून ये म्हणून अँब्रोजच्या खोलीत ढकललं. वेळ वाचवायला या खेपेला मी दुसऱ्या परिच्छेदापासून सुरुवात केली. पण सज्जन हा शब्द कानावर पडला की अँब्रोजना भरूनच यायचं! बाहेर आलो तेव्हा माझ्याकडे वाहतूक होती आणि सगळं वेल्सही होतं. वेल्समध्ये मी कधी पाऊल ठेवलेलं नाही. मंगळवारी सकाळी पुन्हा गेलो, आणि अँब्रोजनी माझे दोन्ही हात धरून देशाचं संरक्षण माझ्या स्वाधीन केलं!

त्याच दुपारी सभागृहात प्रश्नोत्तरं होती. आमच्या पुढच्या बाकावर एरवी दाटीवाटीनं बसावं लागतं. त्या दिवशी मी त्यावर आडवा झोपलो असतो तरी चाललं असतं. माझ्या एका बाजूला मत्स्यखात्याचे कागद, दुसऱ्या बाजूला संरक्षणाचे, मांडीवर वेल्स. संरक्षणमंत्र्यांनी नौदलाची स्तुती सुरू केली, मी ताडकन उठलो, हाताला लागला तो कागद उचलला आणि कडाडलो, "मंत्रिमहोदयांना हे माहीत आहे काय, की गेल्या वर्षभरात आपल्या एकाही युद्धनौकेनं एकही कॉड मासा पकडलेला नाही?"

संरक्षणमंत्री सावकाश उठले. "माननीय सदस्यांनी निश्चिंत असावं. कॉड माशापासून देशाला तूर्त कोणताही धोका नाही."

छप्पर उडेल की काय असा हशा! अध्यक्ष तोंडावर रुमाल धरून बसले. आणि हे मात्र सगळ्या बातम्यांत दाखवलं, संध्याकाळभर, परत परत!

रात्रीच्या फोनवर ग्लेनिसचा आवाज थंड होता. "आई म्हणते, तू तिथे काय करतोस ते तिला आता समजलं."

मला खरोखर रडू आलं. अहो, माणसाला आयुष्यात एकदा तरी सासूसमोर ताठ मानेनं उभं राहावंसं वाटतं! एक साधा राजीनामा, तोही मला जमू नये?

बुधवारी सकाळी फिलिपा भलतीच भडकलेली होती. नॉर्मन प्रॉक्टर नावाच्या आमच्या दुसऱ्या एका खासदारानंही नेतेपदासाठी दंड थोपटले होते, त्यामुळे बंडखोरांचेच दोन तुकडे झाले होते. "क्लाइव्ह," ती माझ्या छातीवर बोट ठेवून म्हणाली, "अँब्रोज अजून टिकून आहेत ते फक्त तुझ्यामुळे! आज दुपारच्या आत सुटलास तर ठीक. नाहीतर माझ्या राज्यात तुला एक दीपगृहसुद्धा मिळायचं नाही!"

मी ठरवलं, बस्स! पहिला परिच्छेद नाही, दुसरा नाही, परंतुसुद्धा नाही. आत जायचं आणि एका दमात बोलून मोकळं व्हायचं. पण जन्मभराची सवय अशी सहज सुटते होय? सराव हवा. म्हणून मी तळघरातल्या जुन्या संडासात गेलो. तिथल्या भिंती इतक्या जाड की फोनही लागत नाही. दाराला कडी घातली आणि सुरुवात केली.

"माफ करा, पण मी राजीनामा..." छे! माफ करा कशाला?

"आपली हरकत नसेल तर मी..." हरकत असेलच की!

"तसं पाहिलं तर एका परीनं मी..."

शेजारच्या कप्प्यातून वरच्या सभागृहातल्या एका म्हाताऱ्या उमरावाचा आवाज आला, "अहो, द्या ना एकदाचा! इथे माणसाला निवांतपणे बसू द्याल की नाही?"

त्या आवाजानं मला हुरूप आला. मी घशाच्या शिरा ताणून ओरडलो, "मी राजीनामा देतोय! सगळ्याचा! आत्ता! आणि मला बिस्कीट नको!" पलीकडून टाळ्या आल्या. जमलं होतं! विसरायच्या आत वर पोचायला हवं होतं, म्हणून मी जिने धावतच चढलो.

वरच्या पॅसेजमध्ये ही गर्दी! कालपर्यंत मला ओळख न देणारी माणसं हसून वाट करून देत होती. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी "शाब्बास, क्लाइव्ह!" म्हणालं. मला वाटलं, सगळे मला धीर देताहेत. अँब्रोजच्या डोळ्यांतलं पाणी बघितलं की मी विरघळणार हे ठाऊक होतं, म्हणून मी डोळे गच्च मिटले, खांद्यानं दार ढकललं आणि गर्जना केली, "मी राजीनामा देतोय! सगळ्याचा! आत्ता! आणि मला बिस्कीट नको!"

कुणी रडलं नाही. मी एक डोळा उघडला. अँब्रोजची खुर्ची रिकामी होती. खोलीभर कॅमेरे होते आणि सगळे माझ्याकडे वळलेले होते.

अँब्रोजच्या चिटणीस मिस थ्रॉकमॉर्टन टेबलापाशी उभ्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "मिस्टर एंटविसल, सगळ्याचा म्हणजे नेतेपदाचाही का?"

"अर्थात! नेतेपदाचाही! माझ्याकडे जे जे काही असेल त्या..." मी थांबलो. "कुठलं नेतेपद?"

"पक्षाचं. मिस्टर पेलम मघाशी पद सोडून गेले. म्हणाले, क्लाइव्हसारख्या भल्या माणसावर सगळा भार टाकणं आता पाहवत नाही. नियमाप्रमाणे उरलेल्या छाया-मंत्रिमंडळानं हंगामी नेता आपल्यातूनच द्यायचा. उरलेले म्हणजे तुम्ही एकटेच. आम्ही तुम्हाला किती फोन केले!"

फिलिपा पांढरीफटक पडली होती. "गाढवा! मी आणि नॉर्मननं तडजोड केली होती! निवडणुकीपर्यंत तूच नेता, आणि आम्ही सगळे तुझ्या हाताखाली परत येणार होतो! दोघांनाही चालेल असा सगळ्या पक्षात एकच माणूस निघाला!"

"मी?" माझा आवाज चिरकला. "का?"

"तुझ्याबद्दल कुणालाच काही वाटत नाही ना, म्हणून!"

मी घाईघाईनं कॅमेऱ्यांकडे वळलो. "मंडळी, मघाचं माझं बोलणं तसं पाहिलं तर, एका परीनं..."

"थेट प्रक्षेपण चालू आहे, मिस्टर एंटविसल," मिस थ्रॉकमॉर्टन म्हणाल्या. "आणि इतकं स्वच्छ बोलणं मी या इमारतीत नोकरीला लागल्यापासून ऐकलेलं नाही. ते मागे घेता येणार नाही." मग माझी दया येऊन त्यांनी मला खुर्ची दिली, पण अँब्रोजची नाही, कोपऱ्यातली.

जरा वेळानं फोन वाजला. ग्लेनिसच्या नंबरवरून सासूबाई बोलत होत्या, आणि त्यांचा आवाज चक्क गहिवरलेला होता!

"क्लाइव्ह, तू पक्षाचा नेता झालास ही बातमी आली तेव्हा अख्खा पब उभा राहिला रे! मी सगळ्यांना माझ्यातर्फे बिअर पाजली. राजीनामा दिलास ते जाऊ दे. अर्धा तास तर अर्धा तास, माझा जावई नेता होता की नाही? आता इथे सगळे माझ्याभोवती गोळा झालेत आणि विचारताहेत, त्या अर्ध्या तासात तू पक्षासाठी काय केलंस?"

काहीतरी थाप मारावी असं मनात आलं. पण त्या दिवशी मला स्पष्ट बोलायचा सराव झाला होता.

"सासूबाई," मी म्हटलं, "मी तळघरातल्या संडासात कडी लावून बसलो होतो."

मग फोनवर हात ठेवून त्यांनी पबमधल्या मंडळींना मोठ्यानं सांगितलेलं मला ऐकू आलं, "गुप्त आहे म्हणे! फोनवर सांगता येत नाही!"

अकरा वर्षांत सासूबाईंनी माझ्यासाठी मारलेली ती पहिलीच थाप.